स्टेप टूला २२६, आणि इंटर्नल मेडिसिनच करायचंय

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाले. इंटर्नशिप संपल्यावर सरकारी सेवेच्या बॉन्डचं वर्ष किनवटकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) केलं. तिथे सगळंच बघावं लागायचं : ताप, साप, बाळंतपणं, सिकलसेलची पोरं. अमेरिकेत डॉक्टरकीसाठी लागणाऱ्या यूएसएमएलई परीक्षेची स्टेप वन पहिल्या प्रयत्नात पास झाले. स्टेप टू सीके मात्र ड्युटी करता करता दिली आणि २२६ आले. आमच्या ग्रुपमधल्या बाकी सगळ्यांना २५० च्या पुढे आहेत. मला अमेरिकेत इंटर्नल मेडिसिन करायचंय, पुढे जमलं तर कार्डिऑलॉजी. एका कन्सल्टन्सीने सांगितलं की या स्कोअरवर काही होणार नाही, पण त्यांचं पॅकेज घेतलं तर चान्स आहे. पॅकेजमध्ये तीन रिसर्च पेपरांत नाव, दोन महिन्यांची ऑब्झर्व्हरशिप (तिथल्या हॉस्पिटलात फक्त बघत शिकणं) आणि तीन शिफारसपत्रं. किंमत साडेसहा लाख. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, पतसंस्थेचं कर्ज काढायला तयार झालेत. मामा म्हणतात, अमेरिकेचा नाद सोड आणि नीट पीजीला बस. अर्ज येत्या सप्टेंबरला भरायचा आहे. भरू का? आणि मुलाखतीत स्कोअरबद्दल विचारलं तर काय सांगू?

उत्तर : प्रिय डॉक्टर,

आधी पैशांचं बोलू, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. बाबांना आजच फोन करा आणि पतसंस्थेचा अर्ज थांबवायला सांगा. हे पॅकेज घेऊ नका.

तीन पेपरांत नाव म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. कुणीतरी कुठल्यातरी विषयावर लिहिलेल्या मजकुरात तुमचं नाव सहावं किंवा आठवं घुसवलं जाणार. मी अमेरिकेतल्या आमच्या हॉस्पिटलच्या रेसिडेन्सीच्या (तिथलं एमडीसारखं प्रशिक्षण) निवड समितीत अर्ज वाचते आणि मुलाखती घेते. अर्जात पेपर दिसला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : यात तुम्ही नेमकं काय केलंत? डेटा कुणी गोळा केला, कुठले रुग्ण वगळले, का वगळले? ज्याने काम केलंय तो या प्रश्नावर खुलतो, थांबवावं लागतं त्याला. ज्याने पैसे मोजलेत तो दुसऱ्या वाक्याला अडखळतो, आणि पुढची पंधरा मिनिटं दोघांनाही जड जातात. गोष्ट लाजेवरही थांबत नाही. तुमचा अर्ज ज्या ईरास प्रणालीतून जातो ती एएएमसी ही अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना चालवते. अर्जातली सगळी माहिती खरी आहे असं तुम्ही त्यात लिहून देता. खोटेपणाचा संशय आला तर एएएमसी चौकशी करते आणि निष्कर्ष तुम्ही अर्ज केलेल्या रेसिडेन्सी प्रोग्रामना कळवते. कमी स्कोअर भरून काढता येतो, ही गोष्ट भरून निघत नाही. विकतच्या शिफारसपत्रांचंही तेच. काही ठिकाणांहून येणारी पत्रं शब्दन् शब्द सारखी असतात, आणि ती वाचणारे आम्ही लोक दर हंगामात शेकड्यांनी पत्रं वाचतो.

आता तुमच्या आकड्याचं. त्यावर खोटा दिलासा देणार नाही. स्टेप टू सीकेची पासिंगची रेघ जुलै २०२५ पासून २१८ आहे, त्याआधी २१४ होती. अमेरिकेतल्या कॉलेजांतून पहिल्यांदा बसणाऱ्यांची सरासरी २५० च्या जवळपास असते. म्हणजे २२६ हा पास आहे, पण काठावरचा. पास झालेली परीक्षा स्कोअर सुधारण्यासाठी पुन्हा देता येत नाही, तेव्हा हा आकडा आता बदलणार नाही. आणि २६ जानेवारी २०२२ पासून स्टेप वनचे मार्क देणंच बंद झालं, फक्त पास की नापास एवढंच कळतं. त्यामुळे सगळ्यांचं लक्ष स्टेप टूवर एकवटलंय. पुष्कळ प्रोग्राम संगणकावर चाळणी लावतात : अमुक स्कोअरच्या खालचे अर्ज उघडायचेच नाहीत. मोठ्या नावाच्या विद्यापीठांची दारं या आकड्याला बहुतेक बंद आहेत. हे आजच मान्य केलंत तर पुढचे पैसे आणि पुढचं वर्ष योग्य जागी लागेल.

पण बंद दारांपलीकडे बरंच काही आहे. २०२५ च्या मॅचमध्ये, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्राम यांच्या पसंतीक्रमांवरून जागा वाटणाऱ्या वार्षिक फेरीत, अमेरिकेबाहेर शिकलेल्या, अमेरिकेचं नागरिकत्व नसलेल्या उमेदवारांपैकी ५८ टक्क्यांना जागा मिळाली. संख्येत सांगायचं तर साडेसहा हजारांहून जास्त डॉक्टर. त्यांतल्या सगळ्यांना २५५ नव्हते. इंटर्नल मेडिसिनच्या जागा सगळ्या शाखांत सर्वाधिक, दहा हजारांच्या वर, आणि त्यांतल्या कितीतरी अशा हॉस्पिटलांत आहेत जिथली निम्मी-अर्धी रेसिडेंट मंडळी भारत, पाकिस्तान, नेपाळ, इजिप्त, नायजेरिया अशा देशांतून आलेली असतात. तुमची जागा तिथे आहे.

तिथे पोचायचं तर एक गोष्ट कळायला हवी : प्रोग्राम डायरेक्टर स्कोअरकडे बघतो तेव्हा त्याला भीती कशाची वाटत असते? तुम्ही हुशार नाही याची नाही. तीन वर्षांनी रेसिडेन्सी संपल्यावर जवळपास प्रत्येकजण एबीआयएम या इंटर्नल मेडिसिनच्या बोर्डाची परीक्षा देतो. कुठल्या प्रोग्रामचे किती लोक त्यात पास झाले हे जाहीर होतं, आणि मान्यता देणारी एसीजीएमई ही संस्था त्या टक्केवारीवर नजर ठेवून असते. लागोपाठ काही वर्षं निकाल खालावला तर प्रोग्रामच्या मान्यतेवर प्रश्न उभे राहतात. म्हणून २२६ बघितल्यावर डायरेक्टरच्या मनात येतं ते एवढंच : हा माणूस माझ्याकडे बोर्डात नापास तर होणार नाही ना? तुमचा स्कोअर म्हणजे त्याच्या मनातला हा प्रश्न आहे. कारणं आणि सहानुभूती यांनी तो सुटत नाही, त्याला पुरावा लागतो. पुढच्या वर्षात तुम्ही जे काही कराल ते या प्रश्नाचं उत्तर म्हणून करा.

म्हणून माझं स्पष्ट मत : येत्या सप्टेंबरला अर्ज भरू नका. आज तुमच्याकडे अमेरिकेतला अनुभव नाही, तिथलं शिफारसपत्र नाही आणि स्टेप टूनंतर दाखवायला नवं काही नाही. असा अर्ज शंभर ठिकाणी पाठवला तर शंभर ठिकाणी त्याच चाळणीत अडकेल. शिवाय त्याच प्रोग्रामांना पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कराल तेव्हा तुम्ही 'मागच्या वर्षी मॅच न झालेली' असाल. पदवीला पाच वर्षांहून जास्त झालेल्यांना बरेच प्रोग्राम घेत नाहीत, पण तुम्हाला अजून तेवढा वेळ आहे. एक वर्ष थांबल्याने तुमचं नुकसान नाही, मात्र ते वर्ष रिकामं दिसता कामा नये. नांदेड किंवा हैदराबादला एखाद्या चांगल्या मेडिसिन युनिटमध्ये निवासी वैद्यकीय अधिकारी (आरएमओ) म्हणून लागा. पगार मिळेल, हात चालू राहील, आणि 'या काळात काय केलं' याला सरळ उत्तर असेल.

त्या वर्षातलं सर्वांत मोठं काम स्टेप थ्री. परदेशी पदवीधरांची पात्रता तपासणाऱ्या ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र हातात आलं की ती देता येते, रेसिडेन्सी सुरू व्हायची वाट बघावी लागत नाही. पहिल्या दोन परीक्षांसारखी ती भारतात होत नाही, अमेरिकेत जावं लागतं, म्हणून ती ऑब्झर्व्हरशिपच्या दौऱ्यालाच जोडून घ्या. दोन दिवसांची परीक्षा आहे. दुसऱ्या दिवशी प्रश्नांखेरीज तेरा केसेस संगणकावर चालवायच्या असतात : रुग्ण समोर येतो, तपासण्या तुम्ही मागवायच्या, औषधं तुम्ही द्यायची, घड्याळ पुढे न्यायचं आणि काय होतं ते बघायचं. आपल्याकडच्या पोरांना हा भाग नवा असतो, त्याची सवय आधीच करा. पीएचसीत वर्षभर एकटीने निर्णय घेतलेल्या डॉक्टरला तो बाकीच्यांपेक्षा सोपा जायला हवा. स्टेप टूपेक्षा स्टेप थ्री ठळकपणे चांगली गेली, तर डायरेक्टरच्या मनातल्या त्या भीतीला याहून सरळ उत्तर नाही. पण तयारी नसेल तर तारीख पुढे ढकला. २२६ च्या पाठोपाठ स्टेप थ्रीचं नापास हे ओझं फार मोठं होतं. अभ्यास प्रश्नसंचांतूनच करा, ग्रुपवर फिरणाऱ्या 'रिकॉल्स'ना (आधी परीक्षा दिलेल्यांनी आठवून लिहिलेल्या प्रश्नांना) हात लावू नका. २०२४ च्या सुरुवातीला नेपाळशी संबंधित परीक्षार्थींचे निकाल यूएसएमएलईने याच संशयावरून रद्द केले आणि कित्येकांचा हंगाम मधेच थांबला.

आता माणसांचं. स्कोअरच्या खालोखाल, आणि अर्ज एकदा उघडला की स्कोअरच्याही वर, शिफारसपत्रं चालतात. एका प्रोग्रामला चार जोडता येतात. ऑब्झर्व्हरशिपसाठी चार शहरांत चार आठवडे फिरू नका. दोन महिने एकाच ठिकाणी, फार तर दोन ठिकाणी घालवा, आणि जागा अशी निवडा जिथे स्वतःची इंटर्नल मेडिसिन रेसिडेन्सी आहे. खासगी क्लिनिकमधल्या डॉक्टरचं पत्र कितीही प्रेमाने लिहिलेलं असलं तरी रेसिडेंट कसा असतो हे रोज बघणाऱ्या माणसाच्या पत्राएवढं त्याला वजन नसतं. जागा मिळवायला तुमच्या कॉलेजचे तिकडे असलेले जुने विद्यार्थी शोधा, त्यांना ईमेल करा. आपी या भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या स्थानिक शाखांना लिहा. दहा ईमेलांना एक उत्तर येईल, ते धरून चाला. राहण्यासाठी त्या शहरातल्या महाराष्ट्र मंडळात चौकशी करा, कुणाकडे महिनाभर खोली मिळाली तर खर्चात मोठा फरक पडतो.

ऑब्झर्व्हरला रुग्णाला हात लावता येत नाही, नोंदी लिहिता येत नाहीत. मग दिसायचं कसं, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. याचं उत्तर पत्रांतच सापडतं. मला येणाऱ्या दहापैकी सात पत्रांत लिहिलेलं असतं की ही डॉक्टर वक्तशीर आहे, मेहनती आहे, सगळ्यांशी मिळून वागते. अशा पत्राचा उपयोग शून्य. उपयोगी पत्र कसं असतं ते सांगते. समजा वॉर्डात एक आजी आहेत, सोडियम ११८. राउंडला सगळे सलाईन कुठलं द्यायचं यावर बोलतायत. ऑब्झर्व्हर मुलगी मागे उभी आहे. राउंड संपल्यावर ती रेसिडेंटला हळूच विचारते, 'यांच्या घरच्या औषधांच्या यादीत थायझाईड आहे, ते बंद केलंय ना?' सोडियम उतरवू शकणारं ते औषध बंद केलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी ती हायपोनेट्रिमियात (सोडियम कमी झालेलं असताना) ते किती वेगाने वाढवायचं यावर एक पानाचं टिपण करून आणते, कुणी सांगितलेलं नसताना. महिन्याच्या शेवटी अटेंडिंगने (युनिटच्या वरिष्ठ डॉक्टरने) पत्रात हा प्रसंग लिहिला, की स्कोअर २२६ असो वा २६०, मला तिला मुलाखतीला बोलवावंसं वाटतं. त्या पत्रात माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे : ही वाचते, आणि वाचलेलं रुग्णापर्यंत नेते. पत्र मागताना अटेंडिंगला मोकळेपणाने सांगा की माझा स्टेप टू कमी आहे, माझी क्लिनिकल समज तुम्ही पाहिली असेल तर तिच्याबद्दल लिहा. हे सांगायला संकोच करू नका. आणि पत्र बघण्याचा हक्क सोडल्याच्या चौकटीवर खूण करा, नाहीतर वाचणाऱ्याचा त्यावर विश्वास बसत नाही.

चारांतलं एक पत्र भारतातलं असू द्या. तुमच्या मेडिसिनच्या युनिट हेडचं, किंवा बॉन्डच्या वर्षात तुमचं काम जवळून पाहिलेल्या ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांचं. डीन साहेबांनी ओळख नसताना दिलेलं पत्र नको.

आणि आता ज्या गोष्टीवर तुम्ही पत्रात एक ओळ खर्च केलीत, तिच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. पीएचसीचं वर्ष. 'ताप, साप, बाळंतपणं, सिकलसेलची पोरं' एवढं लिहून तुम्ही पुढे गेलात. तुमच्या ग्रुपमधल्या २५५ वाल्यांपैकी किती जणांनी असं वर्ष काढलंय? ईरासच्या अर्जात जास्तीत जास्त दहा अनुभव लिहिता येतात आणि त्यांतले तीन 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून निवडून त्यांवर थोडं अधिक लिहायचं असतं. बहुतेक भारतीय अर्जांत ग्रामीण सेवेची नोंद अशी असते : रोज शंभर रुग्ण बघितले, लसीकरण केलं, राष्ट्रीय कार्यक्रम राबवले. असं कुणालाही लिहिता येतं, म्हणून कुणी वाचत नाही.

तुम्ही सिकलसेल घ्या. अमेरिकेत हा आजार मुख्यतः कृष्णवर्णीय रुग्णांचा. ब्रॉन्क्स, डेट्रॉइट, क्लीव्हलँड अशा ठिकाणच्या मेडिसिन वॉर्डांत सिकलसेलच्या क्रायसिसने (अचानक उठणाऱ्या तीव्र वेदनेने) तडफडणारे रुग्ण नेहमी असतात, आणि त्यांच्या वेदनेवर डॉक्टर विश्वास ठेवत नाहीत ही तिथली जुनी तक्रार आहे. तुम्ही गोंड पाड्यांतली तीच वेदना तुटपुंज्या साधनांत सांभाळलीय. २०२३ पासून केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे, तेव्हा तपासणीच्या शिबिरांतही तुम्ही उभ्या राहिल्या असणार. मग अर्जात हे लिहा : रात्री क्रायसिसमध्ये आलेल्या मुलासाठी केंद्रात काय होतं आणि काय नव्हतं. नांदेडला रेफर करायचं की इथेच थांबवायचं हे कशावरून ठरवलंत. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध चालू असलेले किती जण रक्त तपासायला परत यायचे, न येणाऱ्यांसाठी तुम्ही आणि आशाताईंनी काय केलंत. एक रुग्ण, एक निर्णय, एक बदल, एवढंच. नाव-गाव ओळखू येईल असं काही लिहू नका. तुमच्या वेळच्या नोंदी केंद्रात असतील तर वैद्यकीय अधिकाऱ्यांची आणि एथिक्स कमिटीची रीतसर परवानगी घेऊन कॉलेजच्या मेडिसिन किंवा पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागाच्या मदतीने त्यांचा छोटा अभ्यास करा. तो वर्षभरात छापून आला नाही तरी चालेल, 'काम चालू' असं खरं लिहिता येतं.

पीएचसीत बसून कसलं संशोधन, असं कुणी म्हणालं तर त्यांना महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची आठवण करून द्या. कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचू चावलेले रुग्ण दगावताना बघून त्यांनी उशाशी बसून नोंदी ठेवल्या, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला, आणि ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्या कामाला साडेसहा लाखांचं पॅकेज लागलं नव्हतं. माझ्यासमोर अर्जात स्वतः केलेला एक खरा छोटा अभ्यास आणि विकतचे तीन पेपर आले, तर मी कुठल्या उमेदवाराशी बोलेन हे सांगायला नको.

मुलाखतीत स्कोअरबद्दल विचारतीलच. पर्सनल स्टेटमेंटमध्ये तो विषय स्वतःहून काढू नका, ती जागा तुमच्या कामाची आहे. विचारल्यावर तीन वाक्यं पुरेत : 'ड्युटी आणि अभ्यास एकत्र जमेल असं मला वाटलं होतं, तो अंदाज चुकला. परीक्षा पुढे ढकलायला हवी होती, ती ढकलली नाही. त्यानंतर मी अभ्यासाची पद्धत बदलली, रोज ठरावीक प्रश्न सोडवून चुकांची वही ठेवली, आणि स्टेप थ्रीला त्याचा परिणाम दिसतो.' इथे थांबा. पीएचसीला दोष देऊ नका, कारण पाच मिनिटांपूर्वी त्याच वर्षाबद्दल तुम्ही अभिमानाने बोललेल्या असाल. 'परीक्षा म्हणजे सगळं नाही' हेही नको, समोरचा माणूस बोर्डाच्या निकालाला जबाबदार असतो. मुलाखती बहुतेक ऑनलाइन होतात, तेव्हा ही तीन वाक्यं कॅमेऱ्यासमोर मोठ्याने म्हणून बघा. पाठ केल्यासारखी वाटली तर शब्द बदला.

अर्ज किती ठिकाणी करायचा? अलीकडच्या हंगामांत ईरासचं शुल्क पहिल्या तीस प्रोग्रामना प्रत्येकी ११ डॉलर आणि त्यापुढच्या प्रत्येकाला ३० डॉलर आहे. शंभर ठिकाणी केलंत तर २,४३० डॉलर, दोनशे ठिकाणी ५,४३०. दुसऱ्या शंभराचे तीन हजार डॉलर बहुतेक वाया जातात. त्यापेक्षा एक महिना बसून यादी करा. प्रत्येक प्रोग्रामच्या संकेतस्थळावर सध्याच्या रेसिडेंटांचे फोटो आणि त्यांची कॉलेजं दिलेली असतात. तिथे औरंगाबाद, मिरज, वारंगळ, लाहोर, काठमांडू दिसतंय का बघा. गेल्या तीन वर्षांत एकही बाहेरचा दिसला नाही तर तो प्रोग्राम यादीतून काढा. किमान स्कोअर, पदवीला किती वर्षं चालतात, व्हिसा कुठला देतात हे लिहिलेलं नसेल तर कोऑर्डिनेटरला दोन ओळींचा ईमेल टाका. इंटर्नल मेडिसिनला तीन गोल्ड आणि बारा सिल्व्हर सिग्नल मिळतात, म्हणजे 'मला तुमच्याकडे खरोखर यायचंय' हे पंधराच ठिकाणी सांगता येतं. त्यांतला एकही नामांकित विद्यापीठावर उधळू नका. जिथे ऑब्झर्व्हरशिप केली तिथे गोल्ड द्याच.

व्हिसा जे वन (प्रशिक्षणासाठीचा) धरून चाला. नोकरीच्या एच वन बी व्हिसासाठी स्टेप थ्री लागतेच, शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाल्यापासून हॉस्पिटलं त्यात पडायला कचरतात. जे वनसाठी दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं 'स्टेटमेंट ऑफ नीड' (अशा डॉक्टरांची देशाला गरज असल्याचं पत्र) लागतं. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं भारतात यायचं, किंवा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी करून त्या अटीतून सूट मिळवायची. किनवट काढलेल्या माणसाला ही अट जाचक वाटू नये.

कार्डिऑलॉजीचं स्वप्न ठेवा, पण यादी करताना एक बघा : त्या हॉस्पिटलची स्वतःची कार्डिऑलॉजी फेलोशिप (रेसिडेन्सीनंतरचं पुढचं प्रशिक्षण) आहे का? छोट्या प्रोग्राममधून बाहेरची फेलोशिप मिळवणं अवघड जातं. तीन वर्षं तुमचं काम बघणाऱ्या विभागाने ठेवून घेणं त्यामानाने शक्य असतं. मुलाखतीत मात्र पहिल्याच मिनिटाला कार्डिऑलॉजी काढू नका. समोरचे लोक मेडिसिनची रेसिडेंट शोधत असतात.

रँक लिस्टबद्दल, म्हणजे मॅचसाठी द्यायच्या पसंतीच्या यादीबद्दल, थोडंसंच. आपल्याकडे प्रवेशाच्या कॅप राउंडचा फॉर्म भरताना पहिला पर्याय लिहायला लोक बिचकतात, कारण तो मिळाला की सीट गोठते. मॅचला तो धाक आणू नका. १९९८ पासून वापरात असलेली पद्धत उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होते. ती बांधणाऱ्या अल्विन रॉथ यांना या विषयातल्या कामासाठी २०१२ चं नोबेल मिळालं. वर लिहिलेलं ठिकाण न मिळाल्याने खालच्या ठिकाणची तुमची संधी कमी होत नाही. तेव्हा जिथे मनापासून जायचंय त्या क्रमाने लिहा, आणि जिथे मुलाखत झाली त्यांतल्या जिथे जाऊन राहणं शक्य आहे अशा प्रत्येक जागेचं नाव यादीत असू द्या.

राहिले मामा. त्यांचं म्हणणं काळजीपोटी आहे आणि ते अगदीच चुकीचं नाही. पण दोन्ही परीक्षा एकाच वेळी नको. नीट पीजीचे दोनशे प्रश्न आणि स्टेप थ्रीच्या केसेस यांचा अभ्यास वेगळा आहे, आणि एकाच वेळी दोन ओझी घेतल्याने काय होतं ते तुम्ही एकदा बघितलंय. एमडी इथे करून मग अमेरिकेला जाऊ, असंही काही जण सुचवतील. तो मार्ग आहे, पण तिकडे रेसिडेन्सी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते आणि तोवर पदवीला बरीच वर्षं झालेली असतात. म्हणून आई-बाबा आणि मामांसमोर बसून एक तारीख ठरवा. माझ्या मते दोन हंगाम, त्याहून जास्त नाही. पुढच्या वर्षीचा अर्ज, आणि त्यात थोडक्यात हुकलं तर आणखी एक. मॅचच्या आठवड्यात सोमवारी 'जागा मिळाली नाही' असं कळलं तर उरलेल्या जागांसाठी सोप नावाची फेरी असते, तिथे पंचेचाळीस अर्ज करता येतात, तीही लढवा. दुसऱ्या हंगामानंतरही काही झालं नाही तर नीट पीजी, एमडी किंवा डीएनबी, आणि त्या निर्णयाला हार म्हणू नका. तारीख कागदावर लिहा, म्हणजे दर नातेवाइकाला दर महिन्याला नवं उत्तर द्यावं लागणार नाही.

या आठवड्यात तीनच कामं करा. पतसंस्थेचं कर्ज थांबवा, ईसीएफएमजीच्या प्रमाणपत्राचं काय अडलंय ते बघा, आणि पीएचसीच्या त्या वर्षातले तुम्हाला अजून आठवणारे पाच रुग्ण मराठीत, तुमच्या नेहमीच्या भाषेत लिहून काढा. इंग्रजीचं मग बघता येईल.